चौथ्या सिलिंडरची टिकटिक

"कुठं टोचतंय?" बशीरचाचांनी विचारलं.

केतकीने डाव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "इथंच. चौथ्या सिलिंडरची जागा."

कोल्हापुरातल्या गॅरेजांत आता इंजिनाचा दोष कुणी कानाने शोधत नसे. शर्यतीच्या ड्रायव्हरच्या पाठीला तार लावून इंजिन त्याच्या अंगाशी जोडलेलं असे. व्हॉल्व्ह सैल झाला की त्यालाच टोचे. उद्या अंतिम फेरी होती, आणि जोर वाढवायला नवा कॅमशाफ्ट बसवल्यापासून केतकीला ही टिकटिक टोचत होती. चाचांनी स्प्रिंगा बदलल्या, रॉकर बदलले, इंजिनाचं हेड दोनदा उतरवलं. टोचणं काही हटेना.

"उद्या शर्यतीतून गाडी मागं घेतली तर परत मला गाडीत कोण बसवतंय?" ती म्हणाली. "नीट बघा की, चाचा."

"बघून बघून डोळे गेले, पोरी."

शेवटी चाचांनी जुन्या मिस्त्रींसारखं केलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवून त्यांनी मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. इंजिन स्वच्छ फिरत होतं. मग त्यांनी ते बंद केलं आणि केतकीच्या पाठीची तार उपसून काढली.

"आता थांबलं?"

केतकीच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"नाही," ती म्हणाली.

चाचांनी गाडीची चावी खिशात टाकली आणि दवाखान्याला फोन लावायला घेतला. केतकीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आधी हेड अजून एकदा उतरवा, चाचा. स्प्रिंगच असंल."