भूपेंद्र नावाचं घायपात

विज्ञान प्रदर्शनासाठी मी कामठ्याच्या मामाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घायपाताची दोन सारखी रोपं आणली आणि दोन कुंड्यांत मुरमाच्या मातीत लावली. एकीत शेणखत घातलं, दुसरीला नुसतं पाणी, तेही जेमतेम. ओळखायला खतवाल्या कुंडीवर माझ्या नावाची, नीतूची, चिठ्ठी चिकटवली आणि बिनखताच्या कुंडीवर धाकट्या भावाची, भूपेंद्रची. घरात दुधावरची साय कायम त्याच्याच वाटीत पडते. म्हटलं, निदान कुंडीत तरी उलटं होऊ दे.

महिनाभरात नीतू मस्त टोकदार झाली. भूपेंद्र मात्र बुडातून सडून आडवा. खत नसलेलं रोप सडलं कसं, म्हणून माती उकरली, तर आत युरियाचे पांढरे दाणे आणि भाताच्या पेजेचा आंबट वास.

"आजी, हे काऊन टाकलं व?"

"मंग? तू खाऊन राहिली, अन् माझा नातू उपाशी? रोज देत होती मी त्याले."

आजीला वाचता फारसं येत नाही, पण भूपेंद्रचं नाव ती कुठेही ओळखते.

"घायपाताले लाड सोसत नाही आजी. मेला तो."

"अभद्र बोलू नको," म्हणत तिने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, जाऊ दे, माझं रोप तर आहे. तेच नेऊ प्रदर्शनात.

आज सकाळी कुंडी उचलायला गेले.



माझ्या हिरव्यागार रोपावर भूपेंद्रची चिठ्ठी होती.