तुळईवरची नावं

गोऱ्या पाहुण्यांमधला जो सगळ्यात म्हातारा होता, तो एकटाच शेत बघायला गेला नाही. बाकीचे कृषी विद्यापीठाच्या साहेबांबरोबर कपाशीत शिरले. त्यात त्याची लेकही होती. ती देशोदेशीची माती तपासत फिरते, असं साहेब सांगत होते. म्हातारा मात्र किशनरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गोठ्यासमोरच्या बाजेवर येऊन बसला. त्याचं बोलणं समजावून सांगायला अर्पिता थांबली. विद्यापीठात शिकणारी, जिंतूरकडची पोरगी.

किशनरावांनी चहा केला. त्यांची बायको कडूबाई नातीला सांभाळायला पुण्याला गेल्यापासून चहा-भाकरी त्यांच्याच हातची होती. कडूबाई गेल्या तेव्हा नात सृष्टी पाळण्यात होती. आता ती शाळेत जाते.

"काका, ह्यांचं नाव वेर्नर. स्वित्झर्लंडचे हायेत. हे पण शेतकरीच."

किशनरावांनी पाहुण्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं जाड, नखं चेचलेली. खरं असावं.

वेर्नरनं मोबाइलवर फोटो दाखवला. डोंगराच्या उतारावर काळ्या लाकडाचं घर, खाली गाई. मग दुसरा फोटो. दाराच्या वरची तुळई आणि तिच्यावर चाकूनं कोरलेली नावं, एकापुढं एक. एकेका नावावर बोट ठेवत तो बोलू लागला आणि अर्पिता अडखळत सांगू लागली. ह्या पहिल्यानं जंगल तोडून शेत केलं. ह्याच्या वेळेला बर्फाचा कडा कोसळून गोठा गाडला गेला. बायकोनं फावड्यानं उकरून एक गाय जिवंत काढली, पुढच्या सगळ्या गाई तिच्याच वंशातल्या. ह्यानं दारूपायी निम्मं कुरण घालवलं, ह्या पुढच्यानं ते परत मिळवलं. असं साडेतीनशे वर्षं.

"पर एका पिढीला एकच नाव कसं?" किशनरावांनी विचारलं. "भाऊ नव्हते का?"

अर्पितानं विचारून सांगितलं, "तिकडं शेत एकालाच मिळायचं म्हणे. बाकीच्यांनी घर सोडायचं. कोणी दुसऱ्याच्या शेतात चाकरीला, कोणी पार समुद्रापलीकडं."

"आमच्यात समद्यांना वाटा. माझ्या आज्याचं रान त्या पांदीपासून वढ्यापर्यंत व्हतं. आता बघा, धुरेच धुरे."

वेर्नरनं मान वळवून एकामागोमाग एक बांध पाहिले. त्याला अर्पितानं सांगायच्या आधीच कळलं असावं.

"हे शेवटचं नाव ह्यांचं," ती म्हणाली.

त्या नावापुढं वीतभर लाकूड कोरं होतं.

"मग इथं लेकीचं?" किशनरावांनी कपाशीकडे पाहत विचारलं.

वेर्नर बराच वेळ बोलला. अर्पितानं थोडक्यात सांगितलं. "लेक नको म्हणाली. ह्यांनी गाई विकल्या. घर शहरातल्या एका माणसानं घेतलं, सुट्टीत येतो तो. तुळई लय छान हाय म्हणला, तशीच ठेवणार हाय."

वेर्नर उठला, गोठ्यात गेला आणि गाईच्या गळ्याखाली खाजवू लागला. गाईनं मान लांब केली. पाठमोराच उभा राहून त्यानं काहीतरी विचारलं.

"ते विचारायलेत, तुमच्यानंतर कोण?"

"लेक हाय ना, बालाजी." पालमच्या बाजारात, एसटीत, सोयऱ्याधायऱ्यांत देऊन देऊन तोंडात बसलेलं उत्तर आपसूक बाहेर आलं. "पुण्याला कंपनीत हाय. पुढल्या साली येणार हाय. शेतीच करतो म्हणतो."

अर्पितानं ते इंग्रजीत सांगितलं. वेर्नर वळला. त्यानं किशनरावांकडे नीट पाहिलं आणि एकच वाक्य बोलला.

"काय म्हणले?"

"म्हणाले..." ती घुटमळली. "म्हणाले, मी पण लोकांना असंच सांगायचो."

किशनरावांनी कपबशा उचलल्या आणि रांजणापाशी जाऊन विसळत बसले. कप केव्हाच स्वच्छ झाले होते. तेवढ्यात माणसं परत आली. वेर्नरच्या लेकीच्या हातात मातीच्या लहान लहान पिशव्या होत्या. निघताना वेर्नरनं किशनरावांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग गाडी पांदीनं धुरळा उडवत गेली.

दिवस मावळताना कडूबाईंचा फोन आला.

"गोरे लोक आलते म्हणं आपल्याकडं? शेजारच्या भागवतची बायको सांगत व्हती."

"व्हय. एक शेतकरी व्हता त्यात."

किशनरावांनी बर्फातून उकरून काढलेल्या गाईची गोष्ट सांगितली. कडूबाईंनी दोनदा 'आगं बाई' केलं. नावांचं मात्र किशनरावांनी काही सांगितलं नाही.

"बालाजी हाय का जवळ?"

"न्हाई, सेकंड शिफ्टला गेलाय. का वो?"

"त्याला सांग. दर साली येतो येतो म्हणतो, ते आता म्हणू नको म्हणावं. मी काय वाट बघीत न्हाई. तिकडंच नीट ऱ्हा म्हणावं."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"तुमाला बरं न्हाई का?"

"बरा हाय की."

"जेवले का?"

"जेवतो आता."

तरी दोघांनीही फोन ठेवला नाही.

"कायतरी खुळखुळायलंय तिकडं," कडूबाई म्हणाल्या.

"तूर वाळलीय. वारं सुटलंय."

"ठिवू नका. ऐकू द्या जरा."

किशनराव बाजेवरून उठले आणि फोन धरलेला हात त्यांनी तुरीकडे लांब केला.