राणीचं पाऊल

लोणी गावच्या कमानीपर्यंत येऊन कल्याणी थांबली होती आणि आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

सकाळी ती मंचरला गेली होती, लेकीच्या दुखण्यावरचं संपत आलेलं औषध आणायला. अकरा वाजता फाट्यावर जीपमधून उतरली, चालत कमानीपाशी आली आणि कठड्यावर बसली. आता दोन वाजत आले होते. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. घरात नऊ वर्षांची समृद्धी अंथरुणाला खिळली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, घरी न्या, आता तिला आवडेल ते करा.

नवरा, कपिल, दोनदा येऊन हात जोडून गेला. मग त्यानं पास्टर अमृत यांना फोन लावला.

"तुमच्याच प्रवचनानं झालंय हे. तुमीच उठवा आता तिला."

कपिल खोटं बोलत नव्हता. गेल्या रविवारी लोणीतल्या आठ-दहा ख्रिस्ती घरांपुढे पास्टरांनी प्रवचन दिलं होतं, राजघराण्यांवरचा देवाचा न्याय या विषयावर. बायबलमधला पापी इब्री राजा यराबाम, त्याचा आजारी मुलगा, आणि मुलाचं काय होणार ते विचारायला वेष पालटून म्हाताऱ्या संदेष्ट्याकडे गेलेली राणी. आंधळ्या संदेष्ट्यानं तिला पायरवावरूनच ओळखलं आणि सांगून टाकलं, की या घराण्याचं नावनिशाण उरणार नाही. आणि तू घरी जा, तुझं पाऊल नगरात पडताच मुलगा मरेल. पास्टरांचा आवाज त्या दिवशी भलताच लागला होता. 'पाऊल पडताच' हे त्यांनी टेबलावर मूठ आपटून दोनदा म्हटलं. रोख होता तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या पिढीजात खुर्च्यांवर. पुढाऱ्यांपैकी अर्थातच कुणी आलं नव्हतं. पहिल्या ओळीत कल्याणी बसली होती.

पास्टर मोटारसायकल लावून तिच्याजवळ गेले.

"कल्याणीताई, ते वचन त्या राजासाठी होतं. तुमच्यासाठी नाही."

"पाप राजानं केलं, आन मेलं पोरगं," ती म्हणाली. "मग माज्या पोरीला कोण सोडतंय?"

पास्टरांना रविवारी गाळलेला भाग आठवला. त्यानं प्रवचनाचा जोर गेला असता, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. ते घाईघाईनं म्हणाले, "पुढं असंही आहे, की त्या अख्ख्या घराण्यात देवाला चांगलं काही आढळलं ते त्या एका मुलातच. म्हणून त्याला एकट्याला नीट माती मिळाली. लोक त्याच्यासाठी रडले."

"चांगली हाय म्हणून नेणार व्हय?"

पास्टरांना स्वतःची लाज वाटली. रस्त्यानं कांद्याच्या गोण्यांचा टेम्पो गेला. ड्रायव्हरनं वाकून बघितलं आणि बघतच पुढं गेला.

"मी हितं हाय तवर ती हाय," कल्याणी म्हणाली. "मला तेवढंच कळतंय. त्या राणीनं पण वेशीबाहीरच बसायला पायजे व्हतं. ती घरी गेलीच कशाला?"

तीन वर्षं शास्त्र शिकले, बारा वर्षं शिकवलं, पण पास्टरांना हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तेवढ्यात कल्याणीची सासू जानकाबाई गावातून चालत आल्या. चर्चशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गावात कुणाचा जीव अडकला की लोक त्यांनाच बोलवायचे, उशाशी बसायला आणि तोंडात पाणी घालायला. त्या सुनेला फरफटत नेणार, असं पास्टरांना वाटलं. पण त्या पास्टरांकडेच वळल्या.

"काय लिव्हलंय त्यात, मला सांगा बरं."

पास्टरांनी सांगितलं. या वेळी आवाज खाली होता.

जानकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग राणी कवा निघाली?"

"लगेच निघाली."

"निघणारच की." त्या कल्याणीशेजारी कठड्यावर टेकल्या. "मी लई माणसं जाताना बघितली, बाय. आईचं पाऊल पडलं म्हणून न्हाई मेलं ते पोर. त्या पावलाचीच वाट बघत व्हतं. तवर जीव धरून ऱ्हायलं व्हतं."

कल्याणीनं मान वर करून सासूकडं बघितलं.

"समी सकाळधरनं दाराकडं बघतीया. दुखतंय का इचारलं तर न्हाई म्हणती. कण्हती, पर डोळा मिटत न्हाई."

कल्याणीच्या तोंडून हुंदका फुटला. तीन तास ती रडली नव्हती. ती उठली, दोन पावलं चालली आणि मग औषधाची पिशवी छातीशी धरून कमानीतून पळत सुटली. जानकाबाईंना तसं धावणं जमणार नव्हतं. पास्टर त्यांच्या चालीनं मागून गेले.

ते पोचले तेव्हा दार उघडंच होतं. पास्टर बाहेर थांबले. एकही प्रार्थना त्यांना आठवत नव्हती. आत कपिल भिंतीला टेकून बसला होता, आणि कल्याणीनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"किती येळ लावलास आई," समृद्धी म्हणाली. "आता झोपू का मी?"

कल्याणीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"झोप, माझी बाय. आले मी."