पाण्याचा दिवस

या उन्हाळ्यात कुठेही जायचे नाही, असे सदाशिवने जाहीर केले तेव्हा त्याच्या बहिणीची, सरोजिनीची, बॅग अजून दारातच होती.

सुट्टी घरच्या घरी घालवायची. प्रवास वाचतो, हॉटेल वाचते, दगदग वाचते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल अशा क्रमाने त्याने लाभ मांडले. जे शहर पाहायला जग विमानाने येते, त्या शहरातून आपण बाहेर पळणे हा अविवेक कसा, हेही त्याने बायको आणि मुलीला पटवून दिले. एक दिवस वेरूळ, एक संध्याकाळ पाणचक्की. उरलेले दिवस उशिरा उठायचे आणि जेवणाचा डबा बाहेरून मागवायचा.

"आणि आलंगेलं कुणी नको," कुमुद म्हणाली. "पाहुण्यांचं करत बसलं तर सुट्टी कसली?"

हे बोलता बोलता तिने नणंदेच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायचा तर समोरचे माणूस ध्यानात असावे लागते.

घरच्या घरी सुट्टी ही कल्पना सदाशिवला आज सुचली होती. त्याची बहीण ती लग्न झाल्यापासून अमलात आणत होती. दर मे महिन्यात ती पडेगावहून सिटी बसने ज्योतीनगरात येई, मागच्या खोलीत आईच्या पलंगावर निजे आणि दुसऱ्या कुणी केलेला चहा पिई. आई गेल्यानंतरही तिने हा नेम मोडला नव्हता. त्याला सुट्टी म्हणावे असे मात्र कुणाच्या मनात आले नाही. त्याला माहेर म्हणत.

आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या या शहरात माहेरपणाचा मुहूर्तही पाणीच ठरवते. पडेगावला काल रात्री पाणी येऊन गेले, म्हणून आज ती आली. फाटकातच तिने सांगितले होते, "ड्रम, हंडे, तांबे, सगळं काठोकाठ भरून आले. आता आठवडाभर ह्यांना माझी आठवणसुद्धा यायची नाही." त्यावर तिघेही हसले होते.

"मागची खोली माझी," रेवा म्हणाली. ती नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. "आजीचा पलंग काढून टाकू. खाली गाद्या, खिडकीला वाळ्याचा पडदा. ते आपलं हॉटेल."

"मंजूर."

"पलंग गच्चीवर."

"तोही मंजूर," सदाशिव म्हणाला.

"मस्त होईल ना, आत्या?"

"मस्तच की."

"आणि आत्या, तू कुठं जाणार गं या सुट्टीत?"

प्रश्न मनापासून विचारला होता. सदाशिवने पंख्याचा वेग वाढवला.

सरोजिनीने पेला खाली ठेवला. "मी कुठं जाणार, बाई? आत्ता निघायलाच हवं. आमच्याकडं उद्या पाणी आहे."

या शहरात या वाक्याशी कुणी वाद घालत नाही. त्यासाठी माणसे लग्नाच्या पंगतीतून उठतात आणि कुणी त्यांचा हात धरत नाही. फाटकातले बोलणे तिघांनीही ऐकले होते. कुमुदने सदाशिवकडे पाहिले. सदाशिवने घड्याळाकडे.

"मग राहा तरी कसं म्हणायचं, अक्का?" तो म्हणाला. "पाण्याचं काही सांगता येत नाही."

"पण आत्या, तू तर आत्ता..."

"रेवा, देवघरातलं कुंकू आण," कुमुद म्हणाली.

ओटी रीतसर भरली गेली. माहेरपण संपताना भरायची ओटी ते सुरू होण्याआधीच भरली, एवढाच काय तो फरक. तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. विधीत काहीही उणे राहिले नाही. नारळ बॅगेत मावेना, तेव्हा सरोजिनीने तो पदरात धरला.

"पुढच्या वर्षी निवांत या हं, अक्का," कुमुद म्हणाली. तेही तिने मनापासूनच म्हटले.

फाटकापर्यंत सदाशिवने बॅग नेली. मध्येच त्याने हात बदलला.

"जड आहे गं."

"आठवड्याची भरली होती," ती म्हणाली. "उघडायची राहिली."

त्याने रस्त्याकडे हात केला. रिक्षा थांबली. ती पदर सावरत आत बसली आणि नारळ तिने मांडीवर घेतला. रिक्षावाल्याने बॅगेचा आकार पाहिला.

"गाँव कू जा रे क्या, अम्मा? छुट्टियाँ हो गयीं?"

"हौ," सरोजिनी म्हणाली. "हो गयीं."

सदाशिवने बॅग तिच्या पायांशी सरकवली. मग वाकून तो रिक्षावाल्याला म्हणाला, "जरा जल्दी ले जाव, भाई. इनके यहाँ पानी आनेवाला है."