अडलेली नोंद

बीडमध्ये वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या शिवलिंगप्पांनी किती लग्नं जमवली, पण स्वतःच्या लेकीच्या, अपेक्षाच्या, नोंदीत एकही पसंती नव्हती. कपिलधारच्या यात्रेत पाहुणे ‘दिव्याखाली अंधार’ म्हणाले, तेव्हा त्यांना मान वर करवेना. रोज सकाळी आपल्या कम्प्युटरवर ते लेकीची नोंद उघडत आणि संध्याकाळपर्यंत तशीच उघडी ठेवून झुरत बसत.

आज अपेक्षा डबा घेऊन आली, तर म्हणाले, “तुझ्यातच कायतरी खोट हाय. तुझ्यापायी तोंड लपवत फिरावं लागतंय मला.”

तेवढ्यात शेजारच्या कम्प्युटरवर केंद्राच्या नोंदी भरणारी कावेरी बिचकत बोलली, “अप्पा, आष्टीहून ताईंसाठी पसंती आलीय, पर दर बारीसारखी हीबी मशीन घेत न्हाई. मला वाटायचं माझंच चुकतंय, म्हणून गप ऱ्हायले. आज फॉर्मच्या खाली नवी पट्टी आलीय. नोंद कुणामुळं अडलीय, त्याचं नाव दावतीय.”

“माझ्या लेकीच्या आडवा येणारा कोण हाय तो? वाच मोठ्यानं!”

कावेरीनं मान खाली घातली. शेवटी अपेक्षानंच वाकून वाचलं.

“ही नोंद दुसऱ्या कम्प्युटरवर उघडी असल्यामुळे नवी पसंती घेता येत नाही. उघडणारे: शिवलिंगप्पा.”