पायांचा भरोसा

हरिनामाचा गजर सुरू झाला की नार्नूरच्या बापूजींचे पाय जागेवर राहत नसत. बयनाबाई नवऱ्याची चेष्टा करायच्या, "देवानं तुमच्या पायालेच कान देले!"

आता बापूजींच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा पुन्हा सुरू करायचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, पण कमरेखाली अजून काहीच हललं नव्हतं. आज एमआरआय होता.

"बाबा, आत लई आवाज होते," मशीनवरच्या पोरीनं बजावलं. "पण हलायचं नाई. हलले की फोटो बिघडते."

बापूजी बयनाबाईंकडे पाहून हसले. "मी नाई हलत. पायाचा भरोसा नाई देत मी."

दार लागलं. आतून ठकठक ऐकू येऊ लागली, एका ठेक्यात, भजन रंगात आल्यासारखी. बाहेर बाकावर बयनाबाईंनी हात जोडले. "पांडुरंगा, बिघडू दे रे तो फोटो. आमी पुन्हा काढू."

पाऊण तासानं पोरगी कौतुकानं बाहेर आली.

"अम्मा, असा शहाणा पेशंट मी पाह्यलाच नाई. पाय तर तसूभर हलले नाई. फोटो एकदम साफ आले."