शिवणीतली माया

आज मास्क टोचला नाही.

मास्तर टेबलावर उताणे पडले होते. कडक जाळीचा मास्क चेहऱ्यावर चढवून तो खटक्यांनी टेबलाला जखडला होता. रोज ते खटके बसले की मान जागची हलायची नाही. हनुवटी दाबली जायची, पापण्या जाळीला घासायच्या आणि जाड दार लागलं की जिवंत भिंतीत चिणल्यासारखं व्हायचं. आज मात्र श्वास मोकळा होता. झाली बुवा सवय, असं म्हणत ते चक्क हसले. हसू जाळीच्या आत सहज मावलं. जन्मभर लोकांची मापं घेऊन कपडे शिवलेल्या माणसाला तिथेच कळायला हवं होतं.

तंत्रज्ञ ताईंनी जाळीखाली बोट घातलं. ते आरामात आत गेलं.

"मास्तर, मास्क सैल झालाय," त्या म्हणाल्या. "आज किरण देता येणार नाहीत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं असतं, पण उपचार सुरू झाल्यापासून तोंडात पाणी उरलंच नव्हतं. नुसते फोड होते. त्यांना उघड्या अंगानेच, वर हॉस्पिटलचा गाऊन घालून, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं. बायको बाहेर त्यांचा शर्ट आणि जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. तीही मागोमाग आली.

डॉक्टरीणबाईंनी न रागावता समजावून सांगितलं. प्रोटॉनचे किरण अंगात ठरलेल्या खोलीपर्यंत जातात आणि घशातल्या कॅन्सरच्या गाठीत थांबतात. ती खोली भरल्या गालांवर मोजलेली असते. गाल उतरले की तेच किरण गाठ ओलांडून पुढे जातात आणि पुढे मज्जारज्जू आहे. म्हणून आता नवं स्कॅन, नवा मास्क, नवं माप. पण वजन असंच उतरत राहिलं तर नवा मास्कही सैल होईल आणि उपचार अर्ध्यावर सोडावे लागतील. तेव्हा आजच नाकातून नळी घालायची आणि पोटात अन्न पोचवायचं.

नळी म्हटल्याबरोबर मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली.

"पण यांचं वजन तर टिकून आहे," बायको म्हणाली. "कपडेही अगदी बरोबर बसतात."

ते खरंच होतं. कपडे बरोबर बसावेत म्हणून मास्तर ती झोपली की मशीनवर बसत आणि आपलेच शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत आत घेत. तिने केलेलं सूप ते दोन घोट घेऊन मोरीत ओतत, कारण प्रत्येक घोट काचा गिळल्यासारखा वाटे. वजनाच्या दिवशी थंडीचं निमित्त करून ते जाकीट घालूनच काट्यावर उभे राहत. आता डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या हातातलं जाकीट मागून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. खणकन आवाज झाला. कापड बेतताना वर ठेवायची लोखंडी वजनं खिशात होती.

मास्तरांना बायकोकडे बघवेना.

एवढं सोंग कशासाठी, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. थोरल्या भावाला असाच आजार झाला होता आणि शेवटी त्यालाही नळी लागली होती. नळी लागली आणि मग भाऊ घरी आला तो जायलाच. त्या दिवसांत भावाने आपला कोट लहान करून मागितला होता. मास्तरांनी तो करूनही दिला.

कपडा आत घेताना जादा कापड कापायचं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं, हा मास्तरांचा शिरस्ता. त्या दुमडीला शिंपी माया म्हणतात. माणूस पुन्हा अंगाने भरला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो. भावाच्या कोटाची माया मात्र त्यांनी कात्रीने साफ कापून टाकली होती. ती आता कुणाला लागणार नव्हती. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नर्स नळी घेऊन आली. पातळ, मऊ, सुतळीपेक्षा थोडी जाड. गिळत राहा म्हणजे आपोआप आत जाते, त्रास क्षणभराचा, असं ती सांगत होती. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान फिरवली. ते मनातून पार घाबरले होते. उपचार सुटले तरी चालतील, पण नळी नको, इथवर त्यांचं मन जाऊन पोचलं होतं.

बायकोने मांडीवरचा शर्ट उलटा केला. आता भांडण, म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. ती शिवणीवरून बोट फिरवत राहिली, बगलेपासून कमरेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. एका शिवणीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. दर खेपेचं कापड नीट दुमडून, टीप घालून आत ठेवलेलं होतं.

"भाऊजींच्या कोटाची माया कापली होतीत तुम्ही," ती म्हणाली. "मी इस्त्री करताना पाहिलं होतं. ही का ठेवलीत?"

मास्तरांनी डोळे उघडले. शर्टाकडे ते असे पाहत राहिले जणू तो दुसऱ्याच कुणी शिवलाय. कात्री तर रोज हाताशी होती. का ठेवली, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी नर्सकडे तोंड केलं.

"घाला नळी," ते म्हणाले. "हे सगळे शर्ट उसवायचेत मला."